हेगमधला वहिवाटीचा दावा

(दृश्य : सांगलीतलं एक वकिलाचं ऑफिस. रात्र. टेबलावर लाल फितीत बांधलेल्या फायली, शेजारी लॅपटॉप.)

उद्याच्या बोर्डावर माझ्या सात केसेस आहेत. चार चेक बाउन्सच्या, दोन वाटपाच्या, एक पोटगीची. फायली चाळून झाल्या की रात्री साडेदहानंतर हे टेबल माझ्या एकटीचं असतं. लॅपटॉप उघडते, कानाला हेडफोन लावते. पडद्यावरचे प्राध्यापक सांगत असतात, की दोन देश वर्षानुवर्षं एखादी गोष्ट करत राहिले, तर त्या सवयीचा कायदा कधी होतो. ते ‘कस्टम’ म्हणतात. मी वहीत लिहिते : वहिवाट.

हा नाद लागला त्याची तारीख मला नेमकी सांगता येते. 17 जुलै 2019, संध्याकाळचे साडेसहा.

(दृश्य : हेगच्या पीस पॅलेसची इमारत. मग एका मोबाइलचा छोटा पडदा, भोवती चार-पाच डोकी.)

त्या संध्याकाळी पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांच्या प्रकरणाचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वाचून दाखवला जात होता आणि आम्ही वकील मंडळी एका मोबाइलभोवती गोळा झालो होतो. भारताने 8 मे 2017 ला दावा दाखल केला होता आणि दहाच दिवसांत, 18 मेला, फाशी थांबवण्याचा अंतरिम आदेश मिळाला होता. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे नागपुरात वाढलेले. त्यांनी फी घेतली एक रुपया. दोन वर्षांनी आता अंतिम निकाल येत होता. पंधरा विरुद्ध एक. जाधवांना भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांशी संपर्क करू दिला नाही, म्हणजे पाकिस्तानने 1963 च्या व्हिएन्ना कराराचं छत्तिसावं कलम मोडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या एका पक्षकाराने विचारलं, “मॅडम, म्हणजे सुटले का ते?”

मला उत्तर देता आलं नाही. सोळा वर्षं काळा कोट घालते मी. एलएलबीला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर होता, तो परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडवर काढलेला. दावा जिंकला, पण माणूस सुटत नाही, असं कसं? त्या साध्या माणसाचा तो अगदी रास्त प्रश्न मला रात्रभर टोचत राहिला.

उत्तर सापडायला चार महिने लागले. हेगचं न्यायालय पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाच्या वरचं अपील कोर्ट नाही. दोन्ही देशांनी सही केलेल्या एका करारातून त्याला अधिकार मिळाला होता आणि तो करार बोलतो फक्त वकिलातीच्या संपर्काबद्दल. तेवढीच खिडकी. त्या खिडकीतून न्यायालय एवढंच म्हणू शकलं, की करार मोडला आहे, आता शिक्षेचा पुन्हा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका. जर्मनीने अमेरिकेविरुद्ध 2001 मध्ये जिंकलेल्या लाग्रँड प्रकरणाने आणि मेक्सिकोने 2004 मध्ये जिंकलेल्या अवेना प्रकरणाने ही वाट आधीच आखून ठेवली होती. पुढच्या तारखेला तो पक्षकार आला, तेव्हा त्याला हे सगळं बसवून सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे रिमांड बॅक.” म्हणजे वरच्या कोर्टाने प्रकरण फेरविचारासाठी खालच्या कोर्टाकडे परत पाठवणं. अगदी तंतोतंत नाही, पण मी वर्गात ऐकलेल्या पुष्कळ व्याख्यांपेक्षा ही जवळची होती.

(दृश्य : पडद्यावर व्याख्यानांची यादी. माउसचा बाण एका नावावर थांबतो.)

हे मी शिकले कुठे? हेगला 1923 पासून आंतरराष्ट्रीय कायद्याची अकादमी आहे. दर उन्हाळ्यात पीस पॅलेसच्या आवारात तीन-तीन आठवड्यांचे वर्ग भरतात, जगभरातून तरुण वकील तिथे जातात. पण व्हिसा, तिकीट, राहण्याचा खर्च आणि तीन आठवडे बंद ठेवलेलं ऑफिस, हे गणित जिल्हा कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाचं कधीच जुळत नाही. ही अडचण संयुक्त राष्ट्रांनाही ठाऊक होती. आंतरराष्ट्रीय कायद्याचं शिक्षण सगळीकडे पोचावं म्हणून आमसभेने डिसेंबर 1965 मध्येच एक साहाय्य कार्यक्रम सुरू केला होता. पाठ्यवृत्त्या दिल्या, प्रादेशिक वर्ग घेतले, पण वर्गातल्या जागा मोजक्याच. 2008 मध्ये त्याच कार्यक्रमातून एक दृक्‌श्राव्य ग्रंथालय इंटरनेटवर उघडलं. आंतरराष्ट्रीय न्यायाधीशांची, संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाच्या सदस्यांची, प्राध्यापकांची व्याख्यानं, शिवाय मोठमोठ्या करारांची जन्मकथा सांगणारी कागदपत्रं. पैसे लागत नाहीत.

पहिलं व्याख्यान मी तीन वेळा ऐकलं. इंग्रजी समजत होती, विषय समजत नव्हता. तिसऱ्या वेळेला थांबवून थांबवून, प्रत्येक वाक्य मराठीत करून वहीत उतरवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पुढे बेल्जियमच्या लूव्हेन आणि नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रमही सापडले. जिनिव्याच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक अभ्यासक्रम तर मला धंद्यातही उपयोगी पडला. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते भारतातलं मानांकन परदेशात आपोआप लागू होत नाही, तिथे वेगळा अर्ज करावा लागतो, हे मी आता व्यापाऱ्याला खात्रीने सांगू शकते.

सगळेच अनुभव असे नव्हते. एका संस्थेत मी भरपूर पैसे भरून सहा महिन्यांचा ‘व्यावसायिक’ अभ्यासक्रम केला. रेकॉर्ड केलेले स्लाइड्स, शेवटी वीस पर्यायी प्रश्न आणि सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. मी दोन लेख लिहून पाठवले होते, ते कुणी उघडूनही पाहिले नाहीत. मला त्याचा अजून राग आहे. पैशाचा नाही, त्या दोन लेखांचा. वकील घडतो तो सिनिअरने लाल पेनाने खोडलेल्या मसुद्यातून. तो लाल पेन नसेल, तर त्या अभ्यासक्रमाला प्रशिक्षण म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : जुना नकाशा. दमणचा किनारा, आत जमिनीवर दादरा आणि नगर हवेली.)

आता त्या वहिवाटीकडे येते. कस्टमचं प्रकरण शिकवताना जगभरचे प्राध्यापक एका खटल्याचं नाव घेतात. पोर्तुगाल विरुद्ध भारत, निकाल 12 एप्रिल 1960. मी तो निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतला आणि वाचता वाचता खुर्चीत सरळ होऊन बसले.

दमण समुद्राकाठी. दादरा आणि नगर हवेली आत, चहूबाजूंनी भारत. दोन्हींकडे पोर्तुगीजांचा अंमल, मध्ये दुसऱ्याची जमीन. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी हे मुलूख मोकळे केले, आपले सुधीर फडकेही त्यांत होते. भारताने पोर्तुगीजांना आपल्या हद्दीतून तिकडे जायला मज्जाव केला. पोर्तुगाल 14 डिसेंबर 1955 ला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, 19 तारखेला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि 22 तारखेला दावा ठोकला. मागणी काय? आमचा जाण्यायेण्याचा रस्ता मोकळा करा.

हा तर बांधावरच्या वाटेचा दावा! मामलेदारापुढे असे दावे मी किती चालवले असतील, मोजलेले नाहीत.

आपल्या पूर्वापार हक्काचा पुरावा म्हणून पोर्तुगालने काय पुढे केलं? 1779 चा पुण्याचा करार आणि मराठ्यांनी 1783 आणि 1785 मध्ये दिलेल्या दोन सनदा. बारा हजार रुपये महसुलाची गावं पोर्तुगीजांना दिली होती. प्रश्न असा, की गावं दिली म्हणजे राज्य दिलं का? आणि इथे, हेगच्या निकालपत्रात, इंग्रजी ओळींच्या मधोमध शब्द येतो : सरंजाम.

(दृश्य : निकालपत्राचं पान. बोट एका शब्दावर थांबतं.)

जहागीर किंवा सरंजाम म्हणजे महसूल खाण्याचा हक्क, मालकी नव्हे. सार्वभौमत्व तर नव्हेच. मराठ्यांना जेव्हा राज्यच द्यायचं असे, तेव्हा ते कायमचं, पूर्ण सत्तेसह, अशा अर्थाचे शब्द घालत, इथे तसे शब्द नाहीत, असं न्यायालयाने नोंदवलं. आणखी एक गोष्ट त्यांनी म्हटली, ती मला फार मोलाची वाटते : अठराव्या शतकातल्या कराराची वैधता आजच्या रीतीभातींवरून ठरवायची नाही, मराठे स्वतः तो करार बंधनकारक मानत होते, तेवढं पुरे. पेशव्यांच्या दफ्तरी कारकुनाने बोरूने लिहिलेल्या शब्दाचा अर्थ पावणेदोनशे वर्षांनी पंधरा न्यायाधीश लावत बसले होते. भारताच्या वतीने तात्पुरते न्यायाधीश म्हणून बसलेले होते मुंबई उच्च न्यायालयाचे एम. सी. छागला.

सार्वभौमत्व पोर्तुगालकडे आलं ते नंतर, इंग्रजांनी आणि मग भारताने ते गृहीत धरल्यामुळे. आणि रस्ता? न्यायालय म्हणालं, वहिवाट दोन देशांपुरतीही असू शकते. साधी माणसं, मुलकी अधिकारी, सर्वसाधारण माल हे सव्वाशे वर्षं अखंड जात-येत होते, म्हणून तो हक्क झाला. पण सशस्त्र फौज, पोलीस, दारूगोळा दर वेळी परवानगी मागून जात. परवानगीने चाललेल्या वाटेवर हक्क सांगता येत नाही. 1954 मध्ये तिथे तणाव होता, म्हणून भारताने वाट रोखली तीही चूक ठरली नाही.

परवानगीची वाट आणि हक्काची वाट. दुसऱ्याच्या जमिनीवरून वहिवाटीने वाटेचा हक्क कसा मिळतो, ते सांगणारं सुविधाधिकार कायद्याचं पंधरावं कलम आम्हाला पाठ असतं. हेच आम्ही रोज भांडतो.

(दृश्य : लॅपटॉपवर पाच चौकटी, पाच चेहरे.)

न्यायालयाला स्वतःलाही पडद्यावर यावं लागलं. कोविडमध्ये नियम बदलून 30 जून 2020 ला गयाना विरुद्ध व्हेनेझुएला या दाव्याची सुनावणी व्हिडिओवर झाली. काही न्यायाधीश दालनात, बाकीचे आपापल्या ठिकाणी. आम्हीही तेव्हापासून दर रविवारी सकाळी जमतो. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि गोव्यातलं फोंडा. व्याख्यान आठवड्यात ऐकायचं, रविवारी मराठीत वाद घालायचा आणि एकमेकांच्या मसुद्यावर लाल पेन चालवायचा. फोंड्याचे भाई सत्तरीचे आहेत, पोर्तुगीज वाचतात. पुण्याच्या कराराचा पोर्तुगीज पाठ ते मोठ्याने वाचतात, आम्ही मराठी शब्दावर बोट ठेवून ऐकतो. कुठे एका भाषेत ‘देणं’ आहे आणि दुसरीत ‘लावून देणं’, यावर दीड तास गेलाय आमचा.

मागच्या रविवारी, हाच खटला आपसांत लढवून पाहायचा म्हणून, चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याला पोर्तुगाल आला. सोलापूरची वकील भारताकडून, भाई न्यायाधीश. आपल्याच देशाविरुद्ध बोलायला जीभ अडते. भाई म्हणाले, “बाई, जी बाजू आवडत नाही, तीच नीट मांडायला शिकायचं असतं. वेळ पंधरा मिनिटं.”

आठवडाभर मसुदा जमत नव्हता. इंग्रजीतली चार पानं फाडली. काल रात्री पेन उचललं आणि वाटेच्या दाव्यात लिहिते तसंच, पहिलं वाक्य मराठीत लिहिलं :

“अर्जदाराचे लोक आणि माल या वाटेने कुणाचीही हरकत न होता, उघडपणे, पूर्वापार जात-येत आहेत.”