मी आलो, की आले?

नमस्कार श्रोतेहो.

खानापूरकडचं एक पोर माझ्याकडे आलं. पोर म्हणते, कारण मराठीत माणसाला 'ते आलं' म्हणायची सोय बहुधा पोरालेकरांपुरतीच आहे. तसं वय विशीच्या पुढचं. घरात मराठी, पण माझ्याशी बोलणं सगळं कन्नडातनं. विचारलं तर हसलं. "डॉक्टर, मराठीत तोंड उघडलं की 'आलो' का 'आले' ते आधी ठरवावं लागतं. कन्नडात 'नानु बंदे' म्हटलं की झालं, बाई-पुरुष दोघांना तेच. आई मात्र ओरडते, घरात कन्नड कशाला म्हणून." सीमाभागात कन्नड बोलायची कारणं मी पुष्कळ ऐकलीत, हे नवीन होतं.

स्वतःला ना बाई ना पुरुष मानणाऱ्यांना हल्ली नॉनबायनरी म्हणतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर 'जग', म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, डोक्यावर घेतलेले जोगते आपण लहानपणापासून पाहतो. पण ती देवीची सेवा. या पोराला परडी नको होती, औषध हवं होतं. मुलगी म्हणून वाढलेलं. आवाज जाड व्हावा, पाळी थांबावी, दाढी नको.

आधीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पूर्ण पुरुष व्हायचं असेल तर ये." मग मित्रमंडळींनी पढवलं: लहानपणापासून मी मुलगाच, असं सांग. माझं भांडण आहे ते इथे. पेशंट खोटं बोलला की डोस खोट्या माणसासाठी ठरतो. जागतिक पातळीवरची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं २०२२ साली नव्यानं निघाली, त्यांत नॉनबायनरी लोकांसाठी वेगळं प्रकरण आहे. सगळं करा नाहीतर काहीच नको, अशी अट त्यात नाही.

मीही खरं तेच सांगितलं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, ताटातल्या भाजीसारखं निवडून खाता येत नाही. कमी डोसनं बदल सावकाश होतात, मध्येच थांबता येतं. पण आवाज एकदा फुटला की औषध बंद केलं तरी मागे येत नाही, आणि दाढी येणारच नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही. हिमोग्लोबिन वाढून रक्त दाट होतं, म्हणून ठरावीक दिवसांनी तपासणी. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो. पुढे मूल हवं का, हा विचार आधी. उलट्या दिशेनं, म्हणजे मुलगा म्हणून वाढून बाईपणाकडे, जाणारे काही जण मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानंच खातात. त्यानं पायात रक्ताची गाठ होऊ शकते, सिगारेट ओढणाऱ्याला धोका जास्त. कृपा करून नको.

कागदाचंही बोलू. २०१९ च्या कायद्यानं ट्रान्सजेंडरच्या व्याख्येत जेंडरक्वीअर हा नॉनबायनरीच्या जवळचा शब्द घेतला, सरकारनं हार्मोन आणि शस्त्रक्रियेची सोय करावी असंही म्हटलं. पण शस्त्रक्रियेनंतरच्या सुधारित दाखल्यावर पुरुष किंवा स्त्री, दोनच रकाने ठेवले! २०२० च्या नियमांत डीसी ऑफिसच्या, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीच्या, ट्रान्सजेंडर असल्याच्या पहिल्या प्रमाणपत्राला वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. नियम बदलतात, अर्जाआधी विचारून घ्या. २०२२ साली आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य विम्याखाली वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराची योजना ठरली, तिलाही हेच प्रमाणपत्र लागतं.

पोराला हार्मोनच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली, रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. ते उठताना मी म्हटलं, आता तरी मराठीत बोल की.

दाराशी जरा थांबलं. मग म्हणालं, "डॉक्टर, पुढच्या महिन्यात यायचंय मला."