हेड घासण्याआधीचा हिशोब

(दृश्य: जळगाव. बोरिंगच्या दुकानात बाकावर उलटं ठेवलेलं पेट्रोल इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण.)

मे महिन्यात इथे पारा 45 ला टेकतो. रेडिएटर कोरडा पडला की हेड वाकतं, त्याखालचं सील, म्हणजे गास्केट, उडतं. सरळपट्टी आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) वाक मोजला जातो, आणि कुणीतरी म्हणतं, "पॉइंट पाच काढून टाका." पण अर्धा मिलिमीटर गेल्यावर कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले तो वर असताना उरलेली जागा, किती होणार?

जुनी मारुती 800 घेऊ. बोर (सिलिंडरचा व्यास) 68.5 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 72. एका सिलिंडरची जागा 265.3 सीसी. हिशोब एकाच सिलिंडरचा करायचा. इथे तिन्ही सिलिंडरचे मिळून 796 धरले की सगळंच चुकतं.

(दृश्य: ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणांच्या नळीतून, चेंबरमध्ये, म्हणजे हेडमधल्या पेट्रोल जळण्याच्या खळग्यात, उतरणारं रॉकेल.)

वाल्व आणि प्लग बसवलेले, वाल्वच्या सीटला ग्रीसचा हात, वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी. हेड किंचित तिरकं ठेवा, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकतो आणि माप कमी येतं.

समजा चेंबर 28 सीसी भरलं. दाबलेलं गास्केट 1.2 मिमी, त्याच्या रिंगचा व्यास 70, म्हणजे 4.6 सीसी. नव्या, न दाबलेल्या गास्केटची जाडी इथे चालत नाही. पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या (सिलिंडर असलेल्या भागाच्या) सपाट फेसखाली 0.3 मिमी राहतो: 1.1. पिस्टनच्या डोक्यावरचा खळगा 0.8. बेरीज 34.5. 265.3 भागिले 34.5, अधिक 1: 8.69.

आता 0.5 मिमी काढू. फेसवर चेंबरचं तोंड बोरपेक्षा लहान, समजा 30 चौरस सेंटिमीटर. म्हणजे 1.5 सीसी गेले, उरले 33. रेशो 9.04. आजच्या पेट्रोलला हा जड नाही. पण 28 हे मूळ, न घासलेल्या हेडचं माप असेल आणि हेड पूर्वी एकदा एवढंच घासलेलं असेल, तर तो 9.42 पर्यंत जातो, आणि खान्देशच्या उन्हात चढावर लोड आला की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकू येतं. म्हणून आधी हेडची जाडी मोजा. घासून झाल्यावर ब्युरेट पुन्हा लावा; तोंडाचं क्षेत्रफळ नुसता अंदाज असतो.

वाल्व उघडणारा कॅमशाफ्ट हेडमध्येच आहे. हेड खाली आलं की बेल्टवरचं टायमिंग (वाल्व उघडण्या-मिटण्याची वेळ) थोडं मागे पडतं, वाल्व पिस्टनच्या जवळ येतात. पिस्टनवर प्लॅस्टिसिन (मऊ खेळण्याची माती) ठेवून इंजिन हाताने फिरवा, मग दबलेल्या मातीची जाडी मोजा.

सपाट हेडच्या ट्रॅक्टर-डिझेलला मात्र हा हिशोब लागू नाही. तिथलं चेंबर पिस्टनमध्ये असतं; घासून रेशो जवळपास तोच राहतो, पण वाल्व बाहेर येतात. तेव्हा वाल्वची सीट खोल करावी लागते.