नदीपलीकडे जाणारी माणसं

(गोव्यातील फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, फोंड्यात उभं राहून स्थलांतरावर बोलायचं म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं असतं. आजूबाजूला मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदोडे, रामनाथी, ही सगळी देवळांची गावं. यातले बहुतेक देव मूळचे इथले नव्हेत. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची, रामनाथ लोटलीचा. नागेश तेवढा इथलाच. 1560 च्या दशकात सासष्टीतली देवळं पाडायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी मूर्ती उचलल्या आणि झुवारी नदी ओलांडून इकडे आणल्या. पोर्तुगिजांचा अंमल तेव्हा तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीपुरता होता, फोंडा विजापूरच्या आदिलशहाकडे. कॅथलिक राज्यातून निघालेले हिंदू देव मुसलमान सुलतानाच्या मुलखात सुखरूप राहिले. धर्माच्या चष्म्यातून सगळा इतिहास वाचणाऱ्यांना ही गोष्ट जरा अडचणीची वाटते, म्हणून मी ती मुद्दाम सांगतो.

आज माझ्या डोक्यात प्रश्न आहे तो अंतराचा. हे लोक इतक्या जवळ का थांबले? काही कुटुंबं कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली हे खरं. पण पुष्कळांनी नदी ओलांडली आणि पलीकडेच बस्तान मांडलं. कारण मागे शेतं होती, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा होत्या, गावकरीतला म्हणजे गावच्या सामाईक जमिनीतला वाटा होता, आणि बाप्तिस्मा घेऊन मागे राहिलेले भाऊबंदही होते. एकाच घराचे दोन भाग नदीच्या दोन तीरांवर. त्यांचा संबंध पुरता तुटला नाही याचा पुरावा शोधायला दफ्तरखान्यात जायची गरज नाही. शिगम्यात कुंकळ्ळीला जा. फातर्प्याला हलवलेली शांतादुर्गा बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या बारा कुळांच्या, बारा छत्र्या घेऊन आपल्या जुन्या गावी येते आणि त्या सोहळ्यात ख्रिस्ती गावकरही असतात. मडगावचे लोक गुलालासाठी जांबावलीला जातात, कारण त्यांचा देव दामोदर तिथे आहे.

शाळेच्या पुस्तकातले स्थलांतराचे नकाशे आठवा. जाडजूड बाण. आफ्रिकेतून एक निघतो, अरबस्तानच्या किनाऱ्याने भारत, पुढे ऑस्ट्रेलिया. ते बाण पाहून वाटतं, कोणीतरी हाक दिली आणि जमाव निघाला. प्रत्यक्षात आधुनिक माणूस आफ्रिकेबाहेर पडला तो साधारण 60 ते 70 हजार वर्षांपूर्वी, आणि ऑस्ट्रेलियात पोचल्याला 50 हजार वर्षं तरी झाली. मधली दहा-पंधरा हजार वर्षं आणि तितकेच हजार किलोमीटर धरले तर वेग पडतो वर्षाला एखाद किलोमीटर. त्यातल्या कोणालाही आपण स्थलांतर करतोय असं वाटलं नसणार. पोरगा बापाच्या पुढच्या खाडीला शिंपल्या वेचायला गेला, एवढंच.

1885 मध्ये रॅव्हनस्टाईन नावाच्या भूगोलतज्ज्ञाने ब्रिटनच्या खानेसुमारीचे आकडे घेऊन स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुसंख्य माणसं थोड्याच अंतरावर जातात. प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. आणि जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा बायका अधिक हलतात. त्याचे सगळे नियम टिकले नाहीत, पण हे तीन आपल्याकडे अगदी नीट लागू पडतात. 2011 च्या जनगणनेत भारतात 45 कोटींहून जास्त माणसं स्थलांतरित म्हणून नोंदली गेली. सर्वांत मोठं कारण कोणतं? नोकरी नव्हे, दुष्काळही नव्हे. लग्न. म्हणजे या सभागृहातल्या बहुतेक विवाहित बायका स्थलांतरित आहेत आणि त्यांचे नवरे बसून स्थलांतरितांच्या प्रश्नावर व्याख्यान ऐकताहेत! (हशा)

तर मग लांबची स्थलांतरं कशी होतात? माझं म्हणणं सरळ आहे. माणूस अनोळखी मुलखात जात नाही, ओळखीच्या माणसाकडे जातो. मुलूख मग कितीही लांब असो. आपली मुंबईतली कूड, म्हणजे एका गावच्या गोंयकारांनी एकत्र राहायची जागा, पाहा. धोबीतलावला, माझगावला गावागावांच्या कुडी होत्या. बोटीवर काम करणारा तारवटी दोन सफरींच्या मधे आपल्या गावच्या कुडीत उतरायचा, पेटी तिथेच ठेवायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा. कुठल्या बोटीवर आचारी हवा आहे याची बातमी तिथेच कळायची. त्याच धाग्याने गोंयकार नैरोबीला कारकून झाला, झांझिबारला शिंपी झाला. सगळ्यांत गरीब माणूस मात्र सहसा पहिला निघत नाही. तिकिटाला पैसे लागतात आणि पलीकडे कोणीतरी आपलं असावं लागतं.

मॉरिशसचं उदाहरण याहून बोलकं आहे. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि 1834 पासून उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी बोलणारे होते, त्यातले बरेच कोकणातले. आपण समजतो की दलालाने फसवून सगळ्यांना बोटीत घातलं. फसवणूक झालीच, पुष्कळ झाली. पण कराराची मुदत संपवून परत आलेले सरदार, म्हणजे मुकादम, आपल्याच मुलखात जाऊन पुढची माणसं जमवून नेत. धागा तिथेही होता. त्या लोकांच्या वंशजांमुळे मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

जिथे हा धागाच तोडला जातो, त्या प्रकाराला मी स्थलांतर या नावाने ओळखायला तयार नाही. अटलांटिकवरच्या गुलामांच्या व्यापारात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबली गेली. त्यातली 18 लाखांच्या आसपास वाटेतच मेली. उरलेल्यांना मागे निरोप धाडायची सोय नव्हती. आणि हे फक्त तिकडचं नाही हं. गोव्यातही आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. इथून घाट चढून गेलात की यल्लापूर, हळियाळच्या जंगलपट्टीत सिद्दी लोक भेटतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या तावडीतून सुटून तिथे पोचले. ते हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि घरात कोंकणीच्या वळणाची बोली बोलतात. गोव्यातून बाहेर गेलेल्यांची यादी आपण अभिमानाने सांगतो तेव्हा त्यात सिद्दींचं नाव कोणी घेत नाही. मला हे खटकतं.

उलट्या प्रवाहाचं थोडक्यात सांगतो, वेळ कमी आहे. फाळणीत काही महिन्यांत सव्वा ते दीड कोटी माणसं दोन्ही दिशांना हलली. 1972 च्या ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या आशियाईंना देश सोडायला 90 दिवसांची मुदत दिली, त्यात गोंयकारही होते. ब्रिटनने त्यातले 27 हजारांच्या आसपास लोक घेतले. 1990 मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा 1 लाख 70 हजारांच्या जवळपास भारतीयांना विमानांनी परत आणलं. आणि युद्ध संपल्यावर काय झालं? पुष्कळ जण पुन्हा कुवेतला गेले. ज्यांना हे वेडेपण वाटतं त्यांनी एकदा विचारून बघावं, त्या घरांत गोव्यात मिळकतीचं दुसरं साधन काय होतं.

आता आजचं. 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राज्य संपण्यापूर्वी, इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. म्हणजे आजोबांचा जन्मदाखला हाच धागा. त्याच्या जोरावर माणसं इंग्लंडमधल्या स्विंडनला गेली, एकामागून एक, कूड होती तशीच. इकडे त्यांच्या घरांना कुलूप आणि गावात गवंडी मिळत नाही. मग उत्तर कर्नाटकातून गवंडी येतो, ओडिशातून प्लंबर येतो, मागाहून त्याचा मेव्हणा येतो. त्यांना आपण ‘भायले’ म्हणतो. मी या शब्दावर प्रवचन देणार नाही. जमिनीच्या किमती, पाणी, घरभाडं यांवरचे तंटे खरे आहेत, ते नुसत्या सद्भावनेने मिटत नाहीत. पण वास्कोच्या बायण्यात एकाच गावचे दहा लोक एका खोलीत राहतात तेव्हा ‘यांचे अड्डे झालेत’ असं म्हणणाऱ्याने धोबीतलावच्या कुडीचा हिशेब आधी करावा.

शेवटी एक काम सांगतो. तुमच्यापैकी अनेक जण देवस्थानांचे महाजन, म्हणजे वारसाहक्काने सभासद, आहात. महाजनांच्या जुन्या याद्या, जमाखर्चाच्या वह्या, मुंबईहून आलेल्या देणग्यांची नोंद अजून कपाटांत पडून आहे. कोण कुठे गेला, कुठून पैसे पाठवू लागला, कधी पाठवायचा थांबला, हे सगळं तिथे ओळीओळीने लिहिलेलं असतं. दर पावसाळ्यात वाळवी त्यातली काही पानं खाते. तेवढ्या वह्यांचे फोटो काढून ठेवा, मोबाईलवर काढले तरी चालतील. मोडी वाचणारं कोणी नसेल तर मला कळवा, मी येईन. आता प्रश्न घेऊ.