गोणीवरचा मधला आकडा

नमस्कार श्रोतेहो! बर्फ सरलं की मिनेसोटातल्या दुकानांत लॉनच्या खताच्या गोण्यांची थप्पी लागते. गोणी गाडीत टाकण्याआधी तिच्यावरचे तीन आकडे तेवढे वाचा. गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांना १०:२६:२६ म्हणजे काय हे सांगायला नको. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचं प्रमाण. आपल्या लॉनसाठी यातला मधला आकडा शून्य हवा. इथे तसा कायदाच आहे. २००४ मध्ये तो ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात, लागू झाला, २००५ पासून राज्यभर. नवं लॉन लावत असाल किंवा माती परीक्षणात स्फुरद कमी निघालं, तर सूट मिळते.

एवढी कडक अट का? १९७३ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोत डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका बाजूला नत्र आणि कार्बन सोडला, दुसरीकडे त्याच्या जोडीला स्फुरदही. स्फुरदाची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. हे शेवाळ मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि मासे गुदमरतात. शेवाळाच्या काही जाती विषारीही असतात. कुत्र्यांनी असं पाणी पिऊन जीव गमावलेत.

खत टाकताना मशीनची चकती दाणे चौफेर उडवते, ड्राइव्हवेवरही. पाऊस आला की ते रस्त्याकडेच्या जाळीतून गटारात जातात. ते पाणी बहुतेक ठिकाणी शुद्धीकरण केंद्रात जातच नाही, थेट तळ्यात किंवा नदीत पोचतं. म्हणून काँक्रीटवरचे दाणे लगेच झाडून परत गवतात टाका. पाण्याने धुऊन मात्र काढू नका!

फरक पडतो का, असं लोक विचारतात. पडतो. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर शहराने असाच नियम केल्यावर ह्युरॉन नदीतलं स्फुरद २००८ मध्ये आधीच्या तुलनेत सरासरी २८ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. लोकजागृतीचाही त्यात वाटा असणार, आणि मला तर तेच जास्त आशादायक वाटतं.

खताइतकंच लक्ष पानगळीकडेही हवं. रस्त्यावर साचलेली पानं भिजली की चहासारखा अर्क सुटतो आणि त्यातून स्फुरद वाहत जातं. घरासमोरची जाळी ऑक्टोबरभर मोकळी ठेवा, आणि कापलेलं गवत लॉनवरच राहू द्या. त्यातलं स्फुरद मुळांना परत मिळतं.