बारावीनंतर पुरातत्त्व? आधी इनामगाव पाहा

पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका. घोड नदीच्या काठावरचं इनामगाव. इथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या तिघा पुरातत्त्वज्ञांचं हे काम. शंभराहून जास्त घरं उजेडात आली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं, इथे शेतकरी राहत होते.

बारावीनंतर पुरातत्त्व शिकायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी इनामगाव दाखवू. या विषयात काय काय यावं लागतं, ते इथे एकेका घरात दिसतं.

या घराची जमीन पाहा. तिच्याखाली दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत लहान मूल. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून पुरलेलं, आणि पाय घोट्यापाशी तोडलेले. पण वस्तीच्या मध्यभागी, एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांचा मातीचा रांजण निघाला. त्यात मांडी घालून बसवलेला एक माणूस. त्याचे पाय मात्र शाबूत! घरालाच धान्याचं कोठार. तो गावचा प्रमुख असावा, असा तर्क संशोधकांनी केला. असा तर्क हवेत होत नाही. त्यासाठी हाडं वाचता यावी लागतात, घराचा नकाशा काढता यावा लागतो आणि कुठला थर कुठल्या थराखाली आहे, हे पक्कं ठाऊक असावं लागतं.

थर ओळखणं हे या शिक्षणातलं सगळ्यात कठीण काम. चराची उभी बाजू खरवडून, ब्रशने साफ करायची, मग तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा. माती ओली झाली की रंग उठून दिसतात. हा राखेचा करडा पट्टा, ही चोपून केलेली जमीन, हा पुराचा गाळ. आणि हा इथे, वरून खाली उतरलेला खड्डा, नंतरच्या कुणीतरी खणलेला. तो नजरेतून सुटला, तर नंतरच्या काळातलं खापर जुन्या थराच्या पिशवीत जातं आणि कालगणनाच बिघडते.

खापरं तर घमेल्यांनी निघतात. लाल अंगावर काळी नक्षी, तोटीचं भांडं, टिचकी मारली की खणखणीत आवाज: ही त्या काळच्या शेतकऱ्यांच्या जोर्वे संस्कृतीची ओळख. प्रत्येक तुकडा धुवायचा, त्यावर स्थळ, चर, थर लिहायचं, मग काठाची आकृती काढायची. इनामगावचं खोदकाम १९८३ मध्ये थांबलं आणि सविस्तर अहवाल आला १९८८ मध्ये. मधली वर्षं अशाच कामात जातात.

चुलीजवळची माती पाण्यात ढवळली की जळके दाणे तरंगून वर येतात. जव, मसूर, कुळीथ. ते ओळखायला वनस्पतिशास्त्र लागतं, आणि शेळ्यामेंढ्यांची हाडं ओळखायला प्राणिशास्त्र.

मग पदवी कुठली घ्यायची? मुंबईत सेंट झेवियर्स आणि साठ्ये महाविद्यालयात प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय घेऊन बी.ए. करता येतं. पण राज्यात असे पर्याय मोजकेच. इनामगाव आणि दायमाबादसारखी प्राचीन स्थळं ज्या महाराष्ट्रात आहेत, तिथे ही स्थिती असावी, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पुरातत्त्वाचं शिक्षण आपल्याकडे बहुतेकांचं एम.ए.पासूनच सुरू होतं.

तरी विज्ञान शाखेतल्या मुलांनी आपली वाट चुकली असं समजू नये. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.साठी कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, इतिहास, संस्कृत, यातलं जे आवडतं ते तीन वर्षं कसून शिका. आणि पावसाळा संपल्यावर एखाद्या उत्खननात विद्यार्थी म्हणून जागा मिळाली, तर ती सोडू नका.