नवरदेवाची करंगळी

नमस्कार श्रोतेहो.

केंद्रावरून फोन आला, "डॉक्टर, मधुमेह झाला, रक्तदाब झाला, पावसाळ्यातले आजार तर दरवर्षीचेच. या वेळी कशावर बोलता?" मी म्हटलं, "नाकात बोट घालण्यावर." पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग म्हणे, "रेडिओवर ते बरं दिसेल का?" म्हटलं, "अहो, रेडिओवर काही दिसत नाही, म्हणूनच तर!"

तर विषय तोच. जेवायला बसला असाल, तर हातातला घास संपवून घ्या.

नाकात बोट सगळेच घालतात, हे आधी कबूल करून टाकू. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉ. चित्तरंजन आंद्राडे आणि डॉ. बी. एस. श्रीहरी यांनी शाळकरी मुलामुलींना हे सरळ विचारलं. शाळा ४, मुलं २००. जवळजवळ सगळी हो म्हणाली. दिवसातून साधारण ४ वेळा. आणि दर चौघांतल्या एकाचा त्यापायी कधी ना कधी घोळणा फुटलेला. या कामाला २००१ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. आपण हसलो आणि तिथेच थांबलो.

आता घोळणा फुटण्यावरून आठवलं. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, आज तुम्हालाही सांगतो.

जळगाव जिल्ह्यातलं लग्न, मे महिना. मी मुलीकडचा पाहुणा. मुहूर्त बारा सत्तावीसचा. आता हे सत्तावीस कोण पाळतं मला माहीत नाही, दीड वाजला तरी वरात पारावरच नाचत होती. त्या डीजेपायी किती कान माझ्याकडे येतात त्याचा हिशोब वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी बोलावलंत तर बोलेन.

शेवटी नवरदेव आले. अंतरपाट धरला. भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं, 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि अंतरपाटावर टप्पकन एक लाल थेंब. मग दुसरा. नवरदेवाचा घोळणा फुटलेला! पांढरी शेरवानी, श्रोतेहो. पांढरी.

मग जे झालं ते तुम्ही डोळ्यांपुढे आणा. एक मामा ओरडला, "मान वर करा, मान वर!" दुसऱ्याने आचाऱ्याकडून कांदा फोडून आणला आणि नाकाला लावला. तिसऱ्याने जारचं गार पाणी थेट फेट्यावर ओतलं. एक आत्या म्हणाली, दृष्ट लागली. दुसरी काय म्हणाली ते इथे सांगत नाही, पण मुलीची आई रडायला लागली. आणि मान वर केलेला तो बिचारा मुलगा घटाघट स्वतःचंच रक्त गिळत होता. व्हायचं तेच झालं. पोटात रक्त गेलं की मळमळतं. तो भडाभडा ओकला, आणि आता लोकांना वाटलं, रक्ताची उलटी!

मी रेटारेटी करत बोहल्यावर चढलो. पोराला पाटावर बसवलं, मान पुढे वाकवली आणि त्याचं नाक चिमटीत धरलं. "तोंडाने श्वास घ्या. तोंडात येईल ते थुंका, गिळू नका." आणि घड्याळ लावलं. १० मिनिटं. दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी विचारायचं, "थांबलं का? बघा की सोडून!" सोडायचं नसतं. सोडून सोडून बघितलं की थांबत आलेलं पुन्हा सुरू होतं. मांडवात शे-चारशे माणसं, सगळी चिडीचूप, मी नवरदेवाचं नाक धरून उभा आणि नवरदेव आ वासून. तेवढ्यात मुलीची आजी खुर्चीतून मोठ्याने म्हणाली, "बरंय! नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. हुंड्याचं काय ठरलं होतं तेही आत्ताच विचारून घ्या!"

मांडव असा हसला की रडणारी आईसुद्धा हसली.

दहा मिनिटांनी रक्त थांबलं. हात पुसायला मी त्याचा हात हातात घेतला आणि मला सगळं कळलं. उजव्या करंगळीचं नख बोटाच्या पेरापेक्षा लांब वाढवलेलं. हळदीने पिवळं झालेलं, आणि टोकाला, फक्त टोकाला, लाल. चार तास एसी गाडीतून आला होता, नाक कोरडं ठणठणीत, वर लग्नाची धाकधूक. खोलीत एकटा बसून मेकूड उकरत बसला असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. आजीच्या बटव्यातून नेलकटर मागवलं आणि मंगलाष्टकं पुन्हा सुरू व्हायच्या आत ते नख कापलं.

एकाच करंगळीचं नख वाढवण्याची ही पुरुषांची फॅशन मला या जन्मात समजलेली नाही. काही शोभा नाही, उपयोग एकच, आणि तो आज आपण बोलतोय तो.

बरं, वेळ थोडा उरलाय.

दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर, अगदी पुढे, जिथे बोट सहज पोचतं, तिथे चार-पाच रक्तवाहिन्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. वर पातळ अस्तर. बहुतेक घोळणे तिथलेच. नख लागलं की खपली धरते, खपली टोचते म्हणून पुन्हा बोट जातं, पुन्हा रक्त. बोटाबरोबर जंतूही आत जातात आणि बाहेरही येतात. म्हणून नखं कापा. आणि चुकून बोट गेलंच, तर हात साबणाने धुवा, मग भाजी चिरा.

घोळणा फुटला तर मान पुढे. पुन्हा सांगतो, मान पुढे, मागे नाही. नाकाचा खालचा मऊ भाग दाबायचा, वरचं हाड नाही. १० ते १५ मिनिटं, मध्ये सोडायचं नाही. एवढं करूनही २० मिनिटांत थांबलं नाही, डोक्याला मार लागलेला असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर कांदा राहू द्या, दवाखाना गाठा.

नाक कोरडं पडत असेल तर मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, ते घाला. शिंकरताना एक नाकपुडी बंद, दुसरी हळूच. ट्रॅक्टर सुरू केल्यासारखं नको. जलनेती करणाऱ्यांनी, म्हणजे एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढणाऱ्यांनी, पाणी उकळून कोमट केलेलं घ्यावं. नळाचं तसंच, विहिरीचं तसंच, अजिबात नाही. क्वचित त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जातो, आणि मग फार काही करता येत नाही.

लहान मुलांच्या हातावर चापट मारू नका. मारलंत की ते पडद्यामागे जाऊन बोट घालतं. आणि मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर सर्दी समजून बसू नका. आत काहीतरी अडकलेलं असतं.

त्या नवरदेवाचा मुलगा चार वर्षांनी माझ्याकडे आला तो असाच. डाव्या नाकपुडीत हरभरा, भिजून टम्म फुगलेला. बापाने खुर्चीत बसल्या बसल्या आधी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "बघा डॉक्टर, दहाही कापलेली आहेत."

नमस्कार.