टायर एक, बातम्या दोन

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावात माझा पेपरचा स्टॉल आहे. पहाटे गठ्ठे सोडायचे, पुरवण्या भरायच्या, पोरांना लाइनवर पिटाळायचं, हा धंदा. मराठी आणि कन्नड दोन्ही पेपर दिवस उजाडायच्या आत माझ्या हातून जातात आणि दोन्ही मी वाचतो. फुकटात मिळतात म्हणून जरा जास्तच वाचतो म्हणा की!

२ नोव्हेंबरची सकाळ बघा. कन्नड पेपरात पान भरून आदल्या दिवशीच्या राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे. मराठी पेपरात काळ्या दिनाची मूक सायकल फेरी, दंडाला काळ्या फिती; बेळगाव महाराष्ट्राऐवजी तिकडं घातलं, त्याचा हा निषेध. शहर तेच, दिवस तोच. मराठीत मिरवणूक आतल्या पानात चार ओळींत, कन्नडमध्ये फेरी तशीच कोपऱ्यात. खोटं कुणी छापत नाही, अर्धं छापतात. पण पेपरवाल्यांचं मी चालवून घेतो. छापायला जायच्या आधी निदान कुणीतरी तो मजकूर वाचलेला असतो. माझं खरं भांडण आहे टीव्हीशी आणि मोबाइलशी.

डिसेंबर २०२२ आठवतोय? सीमावाद तापला, बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, एसटी थांबल्या. त्या दिवसांत आमच्या चौकात कुणीतरी टायर पेटवला. एकच टायर. एका वाहिनीचा कॅमेरावाला त्याच्यापुढं उकिडवा बसला, म्हणजे मागचं सगळं शहर धुरात दिसावं. पोरांना म्हणाला, ‘पुन्हा एकदा द्या घोषणा, मघाशी आवाज आला नाही.’ पोरांनी दिल्या. मग तीच पोरं समोरच्या गाड्यावर चहा प्यायला गेली. गाडा काही बंद झालेला नव्हता. रात्री मुंबईहून मेहुण्याचा फोन, ‘दाजी, बेळगाव पेटलंय म्हणे?’

दगड पडले ते खरेच, त्याची सफाई मी देणार नाही. पण १४ डिसेंबरला दिल्लीत अमित शहांनी महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं आणि बाहेर येऊन काय सांगितलं? बड्या नेत्यांच्या नावानं बनावट ट्विटर खाती काढून लोकांना भडकवलं गेलं, गुन्हे नोंदवणार. मग आदले काही दिवस स्टुडिओत जी हातघाई चालली होती, ती नेमकी कुणाच्या बोलण्यावर?

आता सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचंच घ्या. चर्चेत एक बाजू ओरडते, ‘महाजन अहवाल अंतिम!’ दुसरी म्हणते, ‘कचऱ्यात टाका!’ अहवाल १९६७ चा. त्यात बेळगाव शहर म्हैसूर राज्याकडेच, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडेच ठेवलं, हे सगळ्यांना पाठ. पण निपाणी, खानापूर, नंदगडसह अडीचशेहून अधिक गावं महाराष्ट्राला द्यावीत, असंही त्यातच आहे. ‘अंतिम’ म्हणणाऱ्याला एकदा तरी निवेदकानं विचारावं, ‘साहेब, मग निपाणी कधी देताय?’ आणि आपल्या माणसालाही विचारावं, आयोग मागितला कुणी, महाराष्ट्रानंच ना? सेनापती बापट उपोषणाला बसले होते ते कशासाठी? मी सीमावासीय मराठी माणूस आहे, १९५६ ला राज्यं भाषेवर पाडताना आमच्यावर अन्याय झाला हे माझं मत आजही आहे. तरीसुद्धा हे दोन्ही प्रश्न विचारले गेले पाहिजेत. विचारत कुणी नाही, कारण उत्तराला दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात जाहिरात येते.

महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याची तारीख पुढं ढकलली की बातमी बोटभर. पुढाऱ्याला सीमेवर अडवलं की दिवसभर.

आणि आमच्या नेत्यांनाही कॅमेऱ्याची चटक लागली, हे बोलल्याशिवाय राहवत नाही. २०१३ ला सीमाभागातल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार कर्नाटक विधानसभेवर निवडून आले होते. २०१८ ला एकही नाही, २०२३ ला एकही नाही. गटागटांत एकमेकांचे उमेदवार पाडायचे आणि टीव्हीवर एकीची शपथ घ्यायची. आवाज पडद्यावर वाढत गेला, विधानसभेत बंद झाला. सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकाचं बेळगावातलं विधानभवन, इथून हाकेच्या अंतरावर, हिवाळ्यात तिथं अधिवेशन भरतं, आणि आत आमचं म्हणणं मांडायला समितीचा माणूस नाही. यावर चर्चासत्र लावा की! त्याला कोण बघणार, म्हणतात.

मला विचाराल तर बातमी रोजच्या व्यवहारात आहे. जवळच्या येळ्ळूर गावच्या मराठी शेतकऱ्याला जमिनीचा उतारा हातात येतो तो कन्नडमध्ये, तो वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जायचं. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं केंद्रानं १९५६ लाच सांगून ठेवलंय. पाटीचंही तसंच. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यानं दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. ठीक आहे, माझ्या स्टॉलवर वर कन्नड आहे. खालच्या ४० टक्क्यांत मराठी आहे, तेही कायद्यात बसतं. कुणी येऊन त्यालाच काळं फासलं, तर कॅमेरा आणणाऱ्यांनी आधी तेवढा कायदा वाचून यावं. पेपर माझ्याकडं आहेतच, दोन्ही भाषांतले.